वृद्धांचे दांत व नित्याचीं पेयें

आमचें मासवण गांव सूर्या नदीच्या कांठीं वसलें आहे. येथून उपसलेलें सूर्येचें पाणी थेट वसई-विरारच्या लोकांची तहान भागवितें. पण अशा पाण्याच्या गांवींहि घरांतील वृद्ध मंडळी पाणी थोडें व चहा फार पितात, हें नित्य दृष्टीस पडतें. त्यांचे दांत दुखूं लागले, कीं ‘म्हातारपणीं दांत जावयाचेच’ असें म्हणून आपण तो विषय सोडून देतों. परंतु दांत केवळ वयानें जात नाहींत; रोजच्या पेयांचाहि त्यांत मोठा वांटा असतो.

आमच्या परिचयाच्या एका आजीबाईंची हकीकत सांगण्याजोगी आहे. औषधाच्या गोळ्या सुरू झाल्यापासून त्यांचें तोंड कोरडें पडूं लागलें. त्यावर उपाय म्हणून त्या सकाळपासून घोट घोट गोड चहा घेऊं लागल्या. पुढें दाढा दुखूं लागल्या व नाचणीची भाकरी चावेना, तेव्हां ती चहांत बुडवून खाऊं लागल्या. ज्यानें दुखणें वाढविलें, त्याचाच त्यांनीं आधार घेतला! दोन वर्षांत त्यांच्या बहुतेक दाढा मुळाशीं किडून मोडल्या.

असें कां व्हावें? दांताच्या बाह्य कवचाचा सुमारें ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. तोंडांतील सूक्ष्म जंतू साखरेपासून आम्ल तयार करितात. सामू सुमारें ५.५ च्या खालीं उतरला, म्हणजे कवचांतील खनिजें विरघळूं लागतात. लाळ तें आम्ल सौम्य करिते व गेलेलीं खनिजें कांहीं अंशीं परत देते. परंतु या कामास तिला अर्धा-पाऊण तास तरी लागतो. गोड खाल्ल्यावर आम्लता कशी चढते व उतरते, हें १९४० च्या दशकांत अमेरिकेंतील डॉ. स्टीफन यांनीं मोजून दाखविलें. यावरून उघड होतें, कीं एक कप चहा पांच मिनिटांत प्याल्यास दांतांवर एकच हल्ला होतो. तोच कप सकाळभर पुरविल्यास लाळेला आपलें काम करण्यास अवसरच मिळत नाहीं.

उतारवयांत यास आणखी दोन कारणें मिळतात. हिरड्या मागें सरून दांतांचीं मुळें उघडीं पडतात. त्यांवर तें कठीण कवच नसतें, म्हणून तीं सामू ६ च्या वर असतांनाच विरघळूं लागतात. दुसरें असें, कीं रक्तदाब, मनोविकार इत्यादींवरील कित्येक औषधांनीं लाळ कमी होते. मात्र म्हणून औषध आपल्या मनानें बंद करूं नये. तोंड कोरडें पडत असल्याचें डॉक्टरांस सांगावें.

आतां पेयांचा विचार करूं. चहानें दांतांवर डाग पडतात, पण डाग म्हणजे कीड नव्हे. चहाच्या पानांत दांतांस उपकारक असें फ्लोराइडहि असतें. खरा दोष साखरेचा आहे. दूध व ताक यांत कॅल्शियम असतें, तेव्हां बिनसाखरेचें दूध किंवा साधें ताक उत्तम. शहाळ्याच्या पाण्यांतहि थोडी साखर असते. तें एका बैठकींत प्यावें. लिंबाचें सरबत व बाटलींतील फसफसणारीं पेयें साखरेवांचूनहि आम्लच असतात. तीं प्याल्यावर लागलींच दांत घासूं नयेत. साध्या पाण्यानें चूळ भरावी व अर्ध्या तासानें घासावेत.

आपल्या भागांतील ताडीविषयीं बोलणें भाग आहे. ताज्या नीरेंत भरपूर साखर असते. ती आंबून ताडी झाली, कीं तींत मद्य व आम्ल उत्पन्न होतें. मद्य व तंबाखू यांची जोडी जमली, तर तोंडाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनीं वाढतो. मशेरी हीहि तंबाखूच होय. तिला दंतमंजन समजणें ही घातक चूक आहे. तोंडांतील व्रण किंवा पांढरा-लाल चट्टा तीन आठवड्यांत बरा न झाल्यास डॉक्टरांकडे जावें.

विद्यार्थिमित्रहो, आजी-आजोबांच्या हातीं चहाची कपबशी बहुधा तुम्हीच नेऊन देतां. तींत साखर हळूहळू कमी करा, बरोबर पाण्याचा तांब्या न्या, आणि रात्रीं फ्लोराइडयुक्त पेस्टनें दांत घासल्यावर पाण्यावांचून कांहीं देऊं नका. त्यांस कवळी असेल, तर ती रात्रीं काढून स्वच्छ करण्यास मदत करा.

वर सांगितलेल्या आजीबाईंच्या उशाशीं आतां पाण्याचा तांब्या असतो. चहा दोन वेळां, तोहि कमी गोड. गेलेल्या दाढा परत आल्या नाहींत. पण पुढचे दांत टिकून आहेत, आणि भाकरी त्या ताकांत कुस्करून आवडीनें खातात.