शेवटच्या लॅपची घंटा

मध्यम आणि लांब पल्ल्याच्या शर्यतीत आघाडीचा धावपटू शेवटचा लॅप सुरू करतो, तेव्हा अंतिम रेषेजवळ उभा असलेला पंच घंटा वाजवतो. तिथून पुढच्या ४०० मीटरना ‘बेल लॅप’ म्हणतात. मराठी क्रीडापानांवर ‘अंतिम फेरी’ हे शब्द फायनलसाठी रूढ झाल्यामुळे त्यांचा इथे घोळ होतो. मैदानावर म्हणूनच ‘शेवटचा लॅप’ किंवा नुसते ‘बेल’ एवढेच म्हणतात.

पिंपरी-चिंचवडकरांना ही घंटा ऐकायला लांब जावे लागत नाही. भोसरीच्या इंद्रायणीनगरात महापालिकेच्या संत ज्ञानेश्वर क्रीडा संकुलात सिंथेटिक ट्रॅक आहे. वाकडहून मुळा ओलांडली की म्हाळुंगे-बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल लागते. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते उभे राहिले आणि २०१३ साली आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धाही तिथेच झाली. त्या स्पर्धेत टिंटू लुकाने ८०० मीटरमध्ये ब्राँझ मिळवले. या शर्यतीत एकूण दोनच लॅप असतात, त्यामुळे घंटा वाजते ती बरोबर निम्म्यावर. पहिला लॅप जोरात काढलेल्याला आपण किती उधळले ते घंटेनंतरच्या शंभर-दोनशे मीटरमध्ये कळते.

इतर अंतरांचा हिशोब वेगळा आहे. १५०० मीटर म्हणजे पावणेचार लॅप. तिथे घंटा ११०० मीटरवर वाजते. ५००० मीटरचे साडेबारा लॅप होतात आणि घंटा ४६०० वर, तर १०,००० मीटरच्या पंचवीस लॅपमध्ये ती ९६०० वर येते. १००, २०० आणि ४०० मीटरना घंटेचे कामच नाही. शाळेच्या मैदानावर फक्कीने २०० मीटरचा ट्रॅक आखला असेल, तर १५००चे साडेसात लॅप होतात आणि बेल लॅपही निम्माच उरतो.

घंटा वाजवणे सोपे, मोजणे अवघड. लॅप मोजणाऱ्या पंचांच्या हातात तक्ता असतो. प्रत्येक धावपटू रेषेवरून गेला की त्याच्या छातीवरच्या क्रमांकासमोर नोंद होते. शेजारी उरलेल्या लॅपचा फलक असतो. आघाडीचा धावपटू शेवटच्या सरळ पट्ट्यात शिरला की त्यावरचा आकडा बदलतो. पंचवीस लॅपच्या शर्यतीत मागचे धावपटू एक-दोन लॅपनी मागे पडतात आणि खरी पंचाईत तिथे होते. पहिल्याची घंटा त्यांच्या कानावर पडते, पण ती त्यांची नसते. त्यांचा शेवटचा लॅप त्यांना वेगळा सांगावा लागतो. नवखा धावपटू मात्र दुसऱ्याच्या घंटेवर सुटतो, रेषेवर येऊन थांबतो आणि पंच हातवारे करत त्याला पुढे पिटाळतात.

मुरलेलेही यात फसतात. २०१९ साली लोझानच्या डायमंड लीगमध्ये इथिओपियाचा हागोस गेब्रहिवेत ५००० मीटरमध्ये जोरदार धावून रेषेवर आला, जिंकल्याच्या आनंदात थांबला आणि एक लॅप बाकी असल्याचे लक्षात येईपर्यंत बाकीचे पुढे निघून गेले. तो दहावा आला.

घंटेला एवढे महत्त्व का, ते वेळेच्या आकड्यांतून दिसते. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मो फराहने ५००० मीटर १३ मिनिटे ४१.६६ सेकंदांत जिंकली. म्हणजे सरासरी लॅप साधारण ६५.७ सेकंदांचा. शेवटचा लॅप मात्र त्याने सुमारे ५३ सेकंदांत काढला. पदकासाठीच्या शर्यतीत वेळेपेक्षा क्रमांक मोलाचा असल्याने सगळे एकमेकांवर नजर ठेवून, दम राखून धावतात आणि उरलेले सारे शेवटी ओततात. घंटेच्या वेळी कोण कुठे आहे, हे म्हणूनच पाहण्यासारखे असते. चौघांच्या मागे, आतल्या कडेला कोंडलेला धावपटू दम असूनही अडकतो. वळणावर बाहेरून जायचे तर त्याला जास्त अंतर पडते.

स्टीपलचेसमध्ये या लॅपला आणखी एक काच असतो. एका लॅपमध्ये पाच अडथळे, त्यातला चौथा पाण्याचा. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर. हर्डल्सचे अडथळे धक्क्याने कलंडतात, हे हलत नाहीत. थकल्या पायांनी अंदाज चुकला की धावपटू आडवाच होतो. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे ६ ऑगस्ट २०२२ रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत धावला तो याच शर्यतीत. १९९८ ते २०१८ या काळात राष्ट्रकुलमधल्या पुरुषांच्या या शर्यतीची सगळी पदके केनियाने नेली होती. अखेरीस साबळेने केनियाच्या अब्राहम किबिवोतला जवळजवळ गाठले. किबिवोतची वेळ ८ मिनिटे ११.१५ सेकंद, साबळेची ८ मिनिटे ११.२०, तिसरा धावपटू पाच सेकंदांहून जास्त मागे. आठ मिनिटांच्या शर्यतीत सुवर्ण आणि रौप्य यांच्यात ०.०५ सेकंद. इतक्या फरकात पाण्याच्या अडथळ्यावरचे एक पाऊलही हिशोबात येते.

सायकलिंगच्या ट्रॅकवर घंटेचा अर्थ थोडा पसरतो. गुणांच्या शर्यतीत ठरावीक लॅपनंतर स्प्रिंट असते आणि प्रत्येक स्प्रिंटच्या आधीचा लॅप सुरू होताना घंटा वाजते. शर्यत संपत आली असा तिचा अर्थ तिथे होत नाही. आता गुण मिळणार, एवढाच होतो.

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या वाहनवेड्यांना परिचयाच्या मोटारशर्यतींत मात्र घंटा नाही. इंजिनांच्या गदारोळात ती ऐकणार कोण? तिथे झेंडे बोलतात. अमेरिकेतल्या नॅसकार शर्यतीत शेवटच्या लॅपला पांढरा झेंडा दाखवतात. फॉर्म्युला वनमध्ये पांढऱ्या झेंड्याचा अर्थ पुढे संथ वाहन आहे असा आहे. शेवटच्या लॅपसाठी वेगळा झेंडा तिथे नाही. शर्यत संपली की चौकटीचा झेंडा फडकतो.

खेळाबाहेरही हा शब्दप्रयोग आला आहे. निवडणुकीचा प्रचार किंवा रखडलेला प्रकल्प ‘शेवटच्या लॅपमध्ये’ असल्याचे लिहिले जाते. प्रचाराला तो चपखल बसतो, कारण मतदानाची तारीख ठरलेली असते. रखडलेल्या प्रकल्पाला तो लावणे मात्र धाडसाचे. तिथे एकूण लॅप किती, हेच कोणी सांगितलेले नसते.