बुटाखालचा गोळा

टायटल वाचून गेटबाहेरचा गोळेवाला आठवला ना? बरोबर! पण हा गोळा कालाखट्टा घालून खायचा नाही. हा माणसाला डोंगरात अडकवतो. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, सांभाळून घ्या.)

माझा मामेभाऊ ओस्लोला नोकरी करतो. टेलिमार्क स्कीइंग हे त्याचं नवं वेड. नॉर्वेतल्या टेलिमार्क भागावरून हे नाव पडलं. तिथल्या मॉरगेडालच्या सोंद्रे नूरहाइमने (१८२५-१८९७) ही पद्धत गाजवली. यात बुटाचं फक्त पुढचं टोक स्कीला अडकवलेलं असतं, टाच मोकळी. त्यामुळे डोंगर चढताही येतो आणि गुडघा वाकवून वळत उतरताही येतं. बूट धरून ठेवणाऱ्या भागाला बाइंडिंग म्हणतात. १९२७ साली ब्रोर वित याने 'रोत्तेफेल्ला', म्हणजे उंदराचा सापळा, या नावाचं बाइंडिंग काढलं. त्यातल्या तीन पिना बुटाच्या सोलमधल्या तीन भोकांत बसतात आणि वरून पट्टी दाबते. तीन पिनांची ही जात आजही वापरात आहे.

डिसेंबरात ओस्लोला दुपारी सव्वातीनच्या आसपासच सूर्य मावळतो. दादाने दोन वाजता कॉफीसाठी स्की काढल्या, बर्फात इकडेतिकडे फिरला, आणि परत घालायला गेला तर पिना भोकांत जाईनात! भोकं बर्फाने गच्च भरलेली. स्कीशिवाय पाऊल टाकलं की मांडीपर्यंत आत. शेवटी हातमोजा काढून किल्लीच्या टोकाने भोकं कोरली. पाऊण तास गेला, बोटं बधिर झाली, आणि स्वारी अंधारात खाली पोचली.

असं का होतं?

आपण पटकन म्हणू, दाबाने बर्फ वितळतो आणि परत गोठतो. शाळेत हेच शिकलोय. पण हिशोब करून बघा. ७० किलोचा माणूस, बुटाचा तळ साधारण २०० चौरस सेंमी. दाब येतो सुमारे ०.३४ अ‍ॅटमॉस्फिअर. एका अ‍ॅटमॉस्फिअरला बर्फाचा द्रवणांक जेमतेम ०.००७४ अंश सेल्सिअसने उतरतो. म्हणजे इथे फक्त ०.००२५ अंश! एवढ्याने काय वितळणार?

खरं कारण गोळेवाल्याच्या मुठीत आहे. बर्फाचे कण द्रवणांकाच्या जवळ असले की जिथे टेकतात तिथे एकमेकांना चिकटतात. याला सिंटरिंग म्हणतात. दाबाचं काम फक्त कण जवळ आणायचं. टेलिमार्कमध्ये प्रत्येक पावलाला टाच उचलते, खाली भुसभुशीत बर्फ शिरतो, टाच परत दाबते. हजारो वेळा! त्यात उन्हातून सावलीत गेलं की ओला झालेला बर्फ गार धातूवर गोठतो. अ‍ॅल्युमिनियमची थर्मल कंडक्टिव्हिटी २३७ च्या आसपास, प्लॅस्टिकची जेमतेम ०.२. त्यामुळे धातू त्या पाण्यातली उष्णता झटक्यात ओढून घेतो.

मग बुटाखाली उंचवटा तयार होतो. २५ सेंमी लांब, ७ सेंमी रुंद, २ सेंमी जाड थर धरला तर ३५० घनसेंमी. दाबलेल्या बर्फाची घनता ०.५ धरली तरी एका पायाला १७५ ग्रॅम जादा ओझं. ओझं एक वेळ परवडलं, पण टाच सपाट टेकत नाही, तोल जातो. आणि पिना अर्धवट बसल्या असतील तर ऐन उतारावर बूट सुटतो.

उपाय

१. निघण्याआधी बाइंडिंगची प्लेट, पायाखालचा स्कीचा भाग आणि बुटाचा सोल कोरडा करून त्यावर मेण घासा किंवा सिलिकॉन स्प्रे मारा. अळवाच्या पानावर पाणी टिकत नाही, तोच प्रकार. मात्र चढताना स्कीखाली जी 'स्किन' लावतात तिच्या गोंदाला सिलिकॉन लागू देऊ नका, नाहीतर ती चिकटायचीच नाही.

२. उघड्या धातूवर गुळगुळीत प्लॅस्टिकची पट्टी किंवा टेप लावा. प्लेटखाली पोकळी असेल तर पाणी न शोषणारा फोम भरा. जागाच नाही तर बर्फ बसणार कुठे?

३. स्की उबदार खोलीत ठेवून थेट बर्फात नेऊ नका. गरम धातूवर बर्फ आधी वितळतो, मग घट्ट गोठतो. थोडा वेळ बाहेर गार होऊ द्या.

४. वाटेत अधूनमधून काठीने ठोकून थर पाडा. पातळ थर लगेच पडतो, जाड झाला की हट्टी होतो. खरवडायला प्लॅस्टिकची पट्टी घ्या. सुरीने ओरखडे पडतात आणि बर्फाला धरायला जागा मिळते. गरम चहा तर ओतूच नका, त्याचाही बर्फच होणार!

५. स्की घालण्याआधी भोकं साफ करा, आणि उतरण्याआधी टाच उचलून, बूट हलवून पिना पूर्ण बसल्यात का ते बघा.

दादा आता खिशात एक लाकडी काडी ठेवतो, दोऱ्याने बांधलेली. आइस्क्रीमचीच काडी, तासून टोकदार केलेली. आपल्याकडे काडीवर गोळा बनतो, तिकडे काडीने गोळा काढतात, एवढाच फरक!