तू फक्त सही कर, ताई!

अमेरिकन पासपोर्टवाल्या भावाला इंदापुरात कंपनी काढायचीय आणि त्याला डायरेक्टर म्हणून तुम्ही हवे आहात. हो म्हणण्याआधी हे वाचा!

बारामतीच्या एमआयडीसीत एक चक्कर मारून या. ॲपे रिक्षावाली इटलीची पियाजिओ इथे. किंडर जॉयवाली फेरेरो २०११ पासून इथे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या ग्रीन बे गावची श्रायबर फूड्सही इथेच, डायनॅमिक्सबरोबर चीज बनवतेय. थोडक्यात काय, परदेशी कंपन्यांना बारामतीचा रस्ता नवा नाही. पण त्यांच्या दिमतीला वकिलांची फौज असते, सीए असतात, वर्षाचं बजेट असतं. खिशात थोडी बचत आणि डोक्यात एक आयडिया घेऊन एकटाच अमेरिकन माणूस आला तर?

माझा आतेभाऊ हा असाच एक ‘अमेरिकन’. जन्म न्यू जर्सीतल्या एडिसनचा, मराठी अस्खलित पण ‘ळ’ला अडखळणारं, आणि आजोळ इंदापूर तालुक्यातलं. त्याला इथल्या डाळिंबांचं वेड लागलंय. दाणे सोलून, थंड करून, पॅक करून शहरांत पाठवायचे आणि पुढे एक्स्पोर्ट करायचा, असा त्याचा प्लॅन. गेल्या वर्षभरात त्याचे मला जितके फोन आले, तितके एखाद्या क्रेडिट कार्डवाल्याचेही आले नसतील. प्रत्येक फोनचा शेवट ठरलेला, ‘‘ताई, तू फक्त सही कर ना. बाकी सगळं मी बघतो.’’

कसली सही? डायरेक्टर म्हणून. मी पुण्यात नोकरी करणारी, महिन्याच्या पगारावर जगणारी मुलगी. मग मी आधी माहिती काढायचं ठरवलं.

पर्याय चार, कामाचा एक

पहिला प्रश्न, धंदा कोणत्या रूपात करायचा? एकट्या माणसासाठी ‘वन पर्सन कंपनी’ हा सुटसुटीत प्रकार आपल्याकडे आहे. २०२१ पासून तो परदेशात राहणाऱ्या भारतीयांनाही खुला झालाय, पण अट भारतीय नागरिकत्वाची. आमच्या साहेबांकडे ओसीआय कार्ड आहे. त्याने आयुष्यभराचा व्हिसा मिळतो, नागरिकत्व नाही. म्हणजे हा पर्याय बाद.

प्रोप्रायटरशिप किंवा एलएलपी? कायद्याने जमतं, पण अमेरिकेच्या टॅक्सवाल्यांना जमत नाही. ती गंमत पुढे सांगते. उरली प्रायव्हेट लिमिटेड. तिला किमान दोन भागधारक आणि दोन डायरेक्टर लागतात. पूर्वी लाखभर रुपयांचं किमान भांडवल दाखवावं लागायचं, ती अट २०१५ मध्ये गेली. फूड प्रोसेसिंगमध्ये शंभर टक्के परदेशी गुंतवणूक चालते, आधी सरकारची परवानगी काढावी लागत नाही.

नोंदणीचं म्हणाल, तर ती ऐकून माझे बाबा चाट पडले. २०२० पासून ‘स्पाइस प्लस’ नावाचा ऑनलाइन फॉर्म आहे. नाव, नोंदणी, पॅन, टॅन, बँक खातं, पीएफ, ईएसआय सगळं एकाच दमात, आणि हवा असेल तर जीएसटी नंबरही. परदेशातून सही करणाऱ्याने पासपोर्ट आणि पत्त्याचा पुरावा तिथे नोटरी करून त्यावर अपोस्टिल घ्यायचं. कागद चोख असतील तर काम काही दिवसांचं.

खरी घाई नोंदणीनंतर सुरू होते. डॉलर आले की ६० दिवसांत शेअर द्यायचे. शेअर दिले की ३० दिवसांत ‘एफसी-जीपीआर’ या फॉर्मवर रिझर्व्ह बँकेला कळवायचं. नोंदणीपासून १८० दिवसांत भांडवल जमा झाल्याचं कंपनी रजिस्ट्रारला सांगायचं. तारीख चुकली की दंड. आता हे फॉर्म न्यू जर्सीत झोपलेला माणूस भरणार की इथली ताई?

१८२ दिवसांचा माणूस

मुद्दा इथेच आहे. कंपनी कायद्याचं म्हणणं असं की, निदान एक डायरेक्टर आर्थिक वर्षात किमान १८२ दिवस भारतात राहिलेला हवा. कंपनी नवी असेल तर त्या वर्षी हे दिवस त्या प्रमाणात कमी धरतात. माझ्या भावाला ही अट पासपोर्टची वाटत होती. ‘‘इंडियन डायरेक्टर लागतो,’’ असंच तो सगळ्यांना सांगत सुटला होता. पण कायद्यात तसं काही नाही! तो डायरेक्टर अमेरिकन असला तरी चालतो, फक्त तो इथे राहिला पाहिजे. कायदा जात-पात-पासपोर्ट बघत नाही, मुक्काम बघतो.

मग ‘फक्त सही’ म्हणजे नक्की काय? इथे न राहणाऱ्या माणसाच्या वाटचे १८२ दिवस मी भरायचे! आणि त्यांच्यासोबत येणारी जबाबदारीही. वार्षिक विवरणपत्रांना उशीर झाला तर दर फॉर्ममागे रोज १०० रुपये. सलग तीन वर्षं भरलीच नाहीत तर डायरेक्टर पाच वर्षांसाठी अपात्र, आणि तेसुद्धा प्रत्येक कंपनीत. हे नुसतं पुस्तकात नाही. २०१७ मध्ये सरकारने एका फटक्यात तीन लाखांहून जास्त डायरेक्टरांना अपात्र ठरवलं होतं. प्रायव्हेट कंपनीकडून इन्कम टॅक्स किंवा जीएसटीची बाकी वसूल झाली नाही, तर ती डायरेक्टरच्या खिशातूनही वसूल होऊ शकते. ‘मी नावालाच होते’ या उत्तरावर सुटका होईलच, असं समजू नका.

शेत वेगळं, शेड वेगळी

दुसरा विषय जास्त नाजूक, कारण तो घरातला. आजोबांच्या सातबाऱ्यावर आता बाबा, काका आणि आत्या, सगळ्यांची नावं आहेत. वाटणी झालेली नाही. आत्या फोनवर सहज म्हणाली, ‘‘माझ्या वाट्याच्या तुकड्यावर शेड टाका की!’’ बाबा गप्प बसले. आमच्याकडे बाबा गप्प बसले की समजायचं.

कायदा इथे स्पष्ट आहे. ओसीआय कार्डवाल्याला भारतात फ्लॅट घेता येतो, दुकान घेता येतं, पण शेतजमीन, फार्महाउस किंवा मळा विकत घेता येत नाही. वारसाहक्काने मात्र मिळू शकतो. म्हणून अमेरिकन नागरिक असूनही आत्याचं नाव सातबाऱ्यावर लागलं. पण तिने ठरवलं तरी आपला वाटा बक्षीसपत्राने मुलाच्या नावावर करता येत नाही. विकायचा तर इथे राहणाऱ्या भारतीयालाच. त्यात महाराष्ट्राचा १९४८ चा कुळकायदा म्हणतो, शेतजमीन घेणारा शेतकरी असला पाहिजे. नव्या प्रायव्हेट लिमिटेडला शेतकऱ्याचा दाखला कोण देणार? आणि डाळिंबाच्या बागा कंपनीनेच लावायच्या म्हटलं, तर शेतीतल्या परदेशी गुंतवणुकीवर बंधनं आहेतच.

यातून वाट एकच. शेत शेताच्या जागी, शेड एमआयडीसीत. इंदापूर तालुक्यात लोणी देवकरला एमआयडीसी आहे, बारामती तर आहेच. एमआयडीसीचे प्लॉट साधारण ९५ वर्षांच्या लीजवर मिळतात. तेवढा पैसा नसेल तर एखादी तयार शेड भाड्याने घ्यायची. डाळिंबं मात्र बाजारभावाने शेतकऱ्यांकडून घ्यायची, बाबांकडूनही! हे ऐकल्यावर बाबांचा आवाज परत आला. जिथे शेत आणि कंपनी एका कागदावर येतात तिथे पुढे भाऊबंदकी येते, हे गावाकडच्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही.

अंकल सॅम पाठ सोडत नाही

आता ती टॅक्सची गंमत. बहुतेक देश ‘तू कुठे राहतोस?’ हे विचारून टॅक्स लावतात. अमेरिका विचारते, ‘तू कुणाचा नागरिक?’ माणूस लोणी देवकरला राहो नाहीतर भिगवणला फ्लेमिंगो बघत बसो, रिटर्न तिथेही भरायचंच. भारत आणि अमेरिकेत १९८९ साली झालेला दुहेरी करआकारणीचा करार आहे, त्यामुळे एकाच पैशावर दोनदा कर भरायची वेळ सहसा येत नाही. पण दोन्ही देशांत सोशल सिक्युरिटीचा करार अजून नाही. म्हणून अमेरिकन माणसाने इथे स्वतःच्या नावावर धंदा केला किंवा भागीदारीत राबला, तर त्या कमाईवर अमेरिकेचा १५.३ टक्क्यांचा सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स बसू शकतो. भारतीय कंपनीचा पगारदार झाला की तो चुकतो. आमची गाडी प्रायव्हेट लिमिटेडवर आली ती यामुळेच.

शिवाय परदेशी कंपनीत दहा टक्के किंवा जास्त शेअर असले तर फॉर्म ५४७१. न भरल्याचा दंड १०,००० डॉलरपासून सुरू. परदेशातल्या बँक खात्यांत मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर रक्कम गेली, तर एफबार. आणि गंमत म्हणजे, खातं कंपनीचं असलं आणि याला नुसता सहीचा अधिकार असला, तरी तेही मोजायचं! हे वाचून दाखवल्यावर भाऊ म्हणाला, ‘‘जस्ट सही केली तरी?’’ मी म्हटलं, ‘‘बघ, तुझं सरकारही ‘नुसती सही’ मानत नाही.’’

वालचंद आणि त्यांचा अमेरिकन

इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर ज्यांच्या नावाने ओळखलं जातं, त्या वालचंद हिराचंदांची एक गोष्ट इथे फिट बसते. १९३९ साली अमेरिकेहून निघालेल्या विमान प्रवासात त्यांची गाठ विल्यम पॉली नावाच्या अमेरिकन माणसाशी पडली. हा गृहस्थ तेव्हा चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवत होता. भारतात विमानं बनवायची कल्पना दोघांनी उचलून धरली. म्हैसूर संस्थान भागीदार झालं आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्टची नोंदणी झाली. आजची ‘एचएएल’ ती हीच. १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा वाटा विकत घेतला, हा पुढचा भाग. सांगायचं एवढंच की पॉलीला इथे जो जोडीदार मिळाला, तो ‘फक्त सही’वाला नव्हता. वालचंदांनी स्वतःचा पैसा आणि नाव पणाला लावलं होतं.

मग मी काय ठरवलं?

मी हो म्हटलं. पण एका वर्षासाठी, आणि लेखी. भागधारक दोघे, तो आणि आत्या. मी फक्त डायरेक्टर, माझ्या नावावर एकही शेअर नाही. वर्षभरात भावाने इथे राहायला यायचं आणि स्वतःचे १८२ दिवस भरायचे. मग इथे राहणारा डायरेक्टर तोच, दुसरी डायरेक्टर आत्या आणि माझा राजीनामा! चालढकल केली तरी माझा राजीनामा जाणारच. मग कंपनीने दुसरी ताई शोधावी.

हे ऐकून तो जरा दुखावला. ‘‘विश्वास नाही का?’’ म्हणाला. मी म्हटलं, ‘‘तुझ्यावर आहे रे. पण तू येणार आहेस की नुसतं डाळिंब येणार आहे, हे एकदा ठरव.’’ चार दिवस फोन नाही. पाचव्या दिवशी मेसेज आला, ‘इंदापूरला टू बीएचके भाड्याने केवढ्याला मिळेल?’

चौकट : सही करण्याआधी
• अपॉइंटमेंट लेटर वाचा. बऱ्याच ऑफिसांत दुसरीकडे डायरेक्टर व्हायला लेखी परवानगी लागते. माझी यायला तीन आठवडे लागले.
• सीए आधी नेमा. त्याची वर्षाची फी कंपनीने आगाऊ भरलेली असू द्या.
• बँक खातं बघण्याचा अधिकार तुमच्याकडेही ठेवा. व्यवहार दिसत नसतील तर सही नाही.
• डिजिटल सहीचा टोकन आणि पासवर्ड कुणाच्याही हातात देऊ नका, सख्ख्या भावाच्याही.
• तुमची जायची तारीख यायच्या दिवशीच ठरवून लिहून घ्या.
• घरची जमीन कंपनीच्या कुठल्याही कागदावर येऊ देऊ नका.

तुमच्याही घरात एखादा ‘यूएसवाला’ असेलच. दिवाळीत येईल, गावाकडे चक्कर मारेल, ‘इथे काय पोटेन्शियल आहे यार’ म्हणेल. त्याला हसू नका, त्याचं खरंही असेल. फक्त त्याने सही मागितली की पहिला प्रश्न हा विचारा, ‘‘तू राहायला कधी येतोयस?’’