दप्तरांच्या व्हिडिओ-चित्रणाची छाटणी

जुनीं दप्तरें पाहावयास जाणाऱ्या संग्राहकांपैकीं पुष्कळांपाशीं आतां कॅमेरा असतो. रुमालाची गांठ सोडण्यापासून शेवटचा कागद मिटेपर्यंत सर्व प्रकार चित्रित करण्याचा त्यांचा परिपाठ स्तुत्य आहे. परंतु तें चित्रण घरीं आणून संपादनास बसावें, तों यंत्र अडखळूं लागतें. सेकंदास ५० मेगाबिट या मानानें घेतलेल्या एका तासाच्या चित्रणास सुमारें २२.५ गिगाबाइट जागा लागते. आणि त्या तासांतील बराच भाग दिवा सरकविण्यांत व चहाकरितां थांबण्यांत गेलेला असतो. यास्तव संपादनापूर्वीं छाटणी इष्ट होय. ती कशी करावी व कोठें हात आवरावा, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

एच.२६४ या २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पद्धतींत प्रत्येक चित्र पुरतें सांठविलेलें नसतें. मधून मधून एक चित्र संपूर्ण ठेवितात, त्यास की-फ्रेम म्हणतात. मधल्या चित्रांत शेजारच्या चित्रांहून काय निराळें, तेवढेंच नोंदवितात. नकलकारानें एक पान पुरतें उतरून पुढें ‘सदरप्रमाणें, मात्र अमुक फरक’ असें लिहावें, तशांतलाच हा प्रकार. म्हणून संकेतन न उलगडतां तुकडा काढावयाचा तर त्याचा आरंभ की-फ्रेमपासून करावा लागतो. एफएफएमपेग या साधनास ‘कॉपी’ची आज्ञा दिली असतां असा तुकडा अल्पावकाशांत निघतो, व चित्राचा दर्जा तिळमात्र उतरत नाहीं. मात्र एक्स२६४ या संकेतकाच्या मूळ योजनेंत दोन की-फ्रेममध्यें २५० चित्रांपर्यंत अंतर पडूं शकतें. सेकंदास २५ चित्रें धरिल्यास तें १० सेकंद झालें. हें ज्यास ठाऊक नसतें, तो काप सरकला म्हणून साधनास दोष देतो. अचूक जागींच कापण्याचा हट्ट धरिल्यास पुन्हां संकेतन करावें लागतें, आणि त्यांत फिकट मोडी अक्षराचें कांहीं ना कांहीं नुकसान होतें. त्यापेक्षां दोन्ही बाजूंस १५ सेकंद राखून छाटावें. बारीक काप संपादनाच्या वेळीं घ्यावा.

आतां आमच्या हातून घडलेला प्रमाद सांगतों. एका दप्तराचें चित्रण छाटतांना रुमाल सोडण्याचा भाग निरुपयोगी समजून आम्हीं काढिला, व जागेच्या लोभानें मूळ फाइलही पुसली. पुढें दोन बिनतारखी पत्रांचा काल ठरवितांना तीं कोणत्या कागदांखालीं होतीं, हें पाहाण्याची वेळ आली. पत्रें स्पष्ट दिसत होतीं. त्यांचा शेजार मात्र आम्हींच कापून टाकिला होता. मालकांनीं मध्यंतरीं कागद निराळे लावून त्यांच्या वह्या बांधविल्या होत्या, त्यामुळें पुन्हां जाऊनही उपयोग झाला नाहीं.

तेव्हांपासून मूळ फाइल आम्ही दोन निरनिराळ्या हार्ड डिस्कवर ठेवितों, आणि छाटणी केवळ प्रतीची करितों. तुकड्यांतील काल सहसा शून्यापासून पुन्हां मोजला जातो. म्हणून ‘रुमाल ७, ००:१२:४० ते ००:३१:०५’ अशी मूळ चित्रणांतील वेळ तुकड्याच्या नांवांतच लिहितों. ज्यांचें यंत्र फारच मंद आहे, त्यांनीं संपादनापुरती कमी आकाराची हलकी प्रत, म्हणजे प्रॉक्सी, करून घ्यावी; शेवटची प्रत काढतेवेळीं तिच्या जागीं मूळ चित्रण जोडतां येतें.