गॉगल लावल्यावर न दिसणारं

सुदानमध्ये यादवी पेटली असताना, एप्रिल २०२३च्या अखेरीस एका रात्री भारतीय हवाई दलाचं सी-१३०जे विमान खार्टूमच्या उत्तरेला वादी सय्यिदना इथे उतरलं. धावपट्टीवर दिवे नव्हते. वैमानिकांनी नाइट व्हिजन गॉगल लावून विमान उतरवलं आणि १२१ जणांची सुटका केली. कौतुक गॉगलचं झालं. माझ्या मते ते त्याच्या उणिवा जाणून उतरणाऱ्या माणसांचं आधी व्हायला हवं.

हा गॉगल चांदण्यांचा पुसट उजेड हजारो पटींनी वाढवतो. पण बहुतेक गॉगलमधून दिसतो तो जेमतेम ४० अंशांचा गोल. उघड्या डोळ्यांना आडवं जवळपास २०० अंश दिसतं. हरवतं ते कडेचं दिसणं. आणि आपण किती वेगात आहोत, कुठे कलतो आहोत, हे शरीराला बरंचसं त्या कडेच्या नजरेतूनच कळत असतं. म्हणून वैमानिकाला सतत मान फिरवावी लागते, तीही हेल्मेटच्या पुढे सुमारे अर्ध्या किलोचं वजन लटकत असताना. ते तोलायला अनेकजण मागेही वजन लावतात. हेलिकॉप्टर चालवणाऱ्यांची मानदुखी काही उगाच नाही.

रंगही जातात. खोलीचा अंदाज चुकतो, दिव्याभोवती वलय पसरतं, विजेच्या तारा हमखास निसटतात. ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिलजवळ १२ जून १९९६च्या रात्री सरावात दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं एकमेकांवर आदळली आणि १८ सैनिक गेले. वैमानिकांच्या डोळ्यांवर गॉगल होते. कारणं एकापेक्षा जास्त होती, पण अंधारात एकमेकांमधलं अंतर जोखणं किती अवघड असतं, हे त्या रात्रीनं दाखवलं.

मला सर्वांत धोक्याचा वाटतो तो गॉगलमुळे येणारा विश्वास. चित्र इतकं स्वच्छ असतं की दिवसाच्या सवयीनं उडावंसं वाटतं. चंद्र ढगाआड गेला की तेच चित्र हळूहळू दाणेदार होत जातं, आणि बदल हळू असल्यानं मनाला तो उशिरा जाणवतो. त्यात रात्रीची वेळ, शरीर झोप मागत असतं. थकलेल्या माणसाची मान फिरणं कमी होतं, नजर एकाच जागी खिळते.

म्हणून उड्डाणाआधीची झोप ही सोय समजू नये, ती सुरक्षेची अट असायला हवी. आणि उतरताना एकानं बाहेर पाहायचं, तर दुसऱ्यानं गॉगलखालून उपकरणं वाचून उंची आणि वेग मोठ्यानं सांगत राहायचं.