कपड्यांच्या चिमट्यांपासून भिंतीची सजावट: नवा खिळा न ठोकता

नरडाणा हे धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेडा तालुक्यातले, मुंबई-आग्रा महामार्गावरचे गाव. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गही येथूनच जातो आणि जवळच औद्योगिक वसाहत आहे. अशा ठिकाणी कामासाठी येऊन भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाची एक अडचण असते. भिंत कोरी वाटते, पण घरमालकाला नवीन खिळे चालत नाहीत. चिकटपट्टी लावली तर चुन्याचा किंवा डिस्टेंपरचा थर तिच्यासोबत निघून येतो, कारण पट्टी भिंतीला नव्हे, त्या कच्च्या थराला चिकटलेली असते. मग आहे त्याच कॅलेंडरच्या खिळ्यावर काय टांगता येईल? त्यासाठी एक डझन लाकडी चिमटे पुरतात.

चिमटा कोणता घ्यावा?

स्प्रिंगचा चिमटा जुना आहे. अमेरिकेतील व्हरमाँटच्या डेव्हिड स्मिथ यांनी 1853 मध्ये त्याचे पेटंट घेतले आणि 1887 मध्ये सोलोन मूर यांनी त्यात गुंडाळीची स्प्रिंग बसवली. लाकडाचे दोन तुकडे आणि मध्ये तार, ही रचना आजही तीच आहे. म्हणूनच तो सहज सुटा होतो. एक तुकडा बाजूला पिळून सरकवला की स्प्रिंग निघते.

चिकटवायच्या कामाला लाकडी चिमटाच घ्यावा. फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद लाकडात आणि पुठ्ठ्यात मुरतो. गुळगुळीत प्लॅस्टिकवर तो धरत नाही. प्लॅस्टिकचे चिमटे नुसते अडकवण्यासाठी वापरावेत.

सूर्यफूल: 12 चिमटे, 24 पाकळ्या

साहित्य: 12 लाकडी चिमटे, किराणा दुकानातल्या खोक्याचा जाड पुठ्ठा, फेव्हिकॉल, सुतळी.

1. जुनी सीडी पुठ्ठ्यावर ठेवून 12 सेंमी व्यासाचा गोल आखून कापावा. सीडीवरच पाकळ्या चिकटवू नयेत. तिचा पृष्ठभागही गुळगुळीत असतो.
2. मध्यभागी 8 सेंमी व्यासाचा दुसरा गोल आखावा. त्याचा परीघ सुमारे 25 सेंमी येतो. साधारण 1 सेंमी रुंदीच्या 24 पाकळ्या त्यावर नेमक्या बसतात.
3. कडेजवळ दोन भोके पाडून सुतळीचा फास आधीच ओवून घ्यावा. नंतर पाकळ्या आड येतात.
4. चिमटे सुटे करावेत. पहिल्या चार पाकळ्या चार दिशांना, सपाट बाजू खाली ठेवून चिकटवाव्यात. मग प्रत्येक दोघींमध्ये पाच-पाच.
5. वर जड पुस्तक ठेवून रात्रभर वाळू द्यावे.

तयार सूर्यफूल सुमारे 22 सेंमी रुंद होते आणि एकाच खिळ्यावर राहते. मधल्या गोलात मुलाने काढलेले चित्र लावता येते.

गरम गोंदाची बंदूक लवकर काम करते, पण खान्देशात मे महिन्यात पारा 40 अंशांच्या वर जातो. पश्चिमेची भिंत किंवा पत्र्याची खोली याहून जास्त तापते आणि तो गोंद मऊ पडून पाकळ्या सुटू शकतात. येथे फेव्हिकॉलच बरा.

फोटोंची दोरी

खिडकीचा गज आणि भिंतीतला जुना खिळा, अशा दोन ठिकाणी दोरी बांधून तिला चिमट्यांनी फोटो लावता येतात. दोरी तारेसारखी ताणण्याचा मोह होतो, आणि खिळा उपटतो तो त्यामुळेच. टोकांशी दोरीचा उतार 30 अंश असेल तर प्रत्येक टोकावर एकूण वजनाइतका ताण येतो. उतार 10 अंशच ठेवला तर तोच ताण जवळजवळ तिप्पट होतो. म्हणून दोरीला झोळ द्यावा. तोरणासारखी दिसते आणि खिळाही टिकतो.

पावसाळ्यात स्प्रिंगला गंज चढतो व त्याचा डाग फोटोवर उतरतो. चिमटा आणि फोटो यांच्यामध्ये कागदाची घडी ठेवावी. थेट ऊन पडते तेथे फोटो फिके होतात. त्या बाजूला कागदी पताका लावाव्यात.

बदलत राहणारी भिंत

या सजावटीचा खरा फायदा स्वस्तपणाच्या पुढचा आहे. चिमटा दाबला की जुने निघते, नवे लागते. आखाजीला माहेरी आलेल्या लेकींचे फोटो, श्रावणात कानबाईच्या रोटांना जमलेल्या भाऊबंदांचे फोटो, मोबाइलमध्ये पडून असतात. त्यातले चार-पाच छापून दोरीवर आले की कामासाठी दूर राहणाऱ्या घरातही आपली माणसे दिसू लागतात. आणि खोली सोडायची वेळ आली, तर दोरी गुंडाळून सूर्यफूल पिशवीत टाकायचे. भिंत जशी होती तशीच राहते.