मुदत संपली, अर्जात चूक राहिली

महाडीबीटी : मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती व शुल्कसवलतीच्या अर्जांचे महाराष्ट्र शासनाचे पोर्टल. रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होते.

अर्जाची वाट : विद्यार्थी, मग महाविद्यालय, मग संबंधित विभागाचा अधिकारी.

वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा : अनुसूचित जाती मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, २.५ लाख रुपये. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, ८ लाख रुपये.

‘सेंड बॅक’ : त्रुटी दाखवून परत आलेला अर्ज. दुरुस्त करून पुन्हा पाठवता येतो. नवा अर्ज भरण्याची आणि त्रुटीपूर्तीची मुदत वेगवेगळी असू शकते.

‘रिजेक्ट’ : नामंजूर अर्ज. त्याला ‘सेंड बॅक’ समजू नये.

देवबागच्या (ता. मालवण) विद्यार्थ्यांनी कोणती दुरुस्ती कुठे करावी
- आधारवरील नाव, जन्मतारीख : आधार केंद्र
- उत्पन्नाचा दाखला : मालवण तहसील कार्यालय, अर्ज ‘आपले सरकार’ सेवा केंद्रातूनही
- खात्याची आधारजोडणी : बँकेची शाखा
- अभ्यासक्रम, वर्ष, शुल्क : महाविद्यालयाचा शिष्यवृत्ती विभाग
- समाजकल्याण विभागाच्या योजना : सहायक आयुक्त कार्यालय, सिंधुदुर्गनगरी

जवळ ठेवा : अर्ज क्रमांक, अर्जाची छापील प्रत, त्रुटीच्या शेऱ्याचा स्क्रीनशॉट, दुरुस्त दाखला.